एकच नियम किती ठिकाणी लिहिलाय?

३ सप्टेंबर २०२५ च्या रात्री जीएसटी परिषदेचे निर्णय जाहीर झाले. नवे दर २२ सप्टेंबरपासून, म्हणजे घटस्थापनेपासून लागू. साबण, केसांचं तेल, टूथपेस्ट १८ टक्क्यांवरून ५ वर. तूप-लोणी १२ वरून ५. सिमेंट आणि एसी २८ वरून १८. ट्रॅक्टर १२ वरून ५. बिलिंग सॉफ्टवेअर बनवणाऱ्या सगळ्यांच्या हाती तीन आठवडेसुद्धा नव्हते.

मी सांगलीतल्या एका लहानशा कंपनीत काम करते. आमचं सॉफ्टवेअर हळदीचे अडते, बेदाण्याचे व्यापारी, किराण्याचे होलसेलवाले, ट्रॅक्टरच्या सुट्या भागांचे दुकानदार असे सगळे वापरतात. दर बदलायचे म्हणजे टेबलातला आकडा बदलायचा, ते काम चहा गार होण्याआधी उरकतं. आमचे दिवस गेले ते दर कुठे कुठे लिहून ठेवलेत हे हुडकण्यात. ते हुडकताना डुप्लिकेट कोडबद्दल, म्हणजे एकाच कामाच्या कोडच्या अनेक प्रतींबद्दल, जे शिकायला मिळालं ते सविस्तर लिहिते, कारण या विषयावर मी जे वाचलं होतं त्यात टूल चालवायचं आणि डुप्लिकेट कोडचे टक्के कमी करायचे एवढंच असायचं. आमच्या कामात त्या टक्क्यांचा फारसा उपयोग झाला नाही.

आधी प्रोजेक्टचं रूप सांगते. सुरुवात व्हॅटच्या काळातली. सर्व्हर जावात, स्क्रीन जावास्क्रिप्टमध्ये, काही हिशेब डेटाबेसमधल्या स्टोअर्ड प्रोसिजरमध्ये (डेटाबेसमध्येच ठेवलेल्या छोट्या प्रोग्राममध्ये), आणि छापील बिलं जॅस्पर या रिपोर्ट छापणाऱ्या टूलच्या टेम्प्लेटमध्ये. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला तेव्हा ज्यांनी हे सगळं बदललं त्यांना रात्री ऑफिसात काढाव्या लागल्या होत्या. त्यांच्याबद्दल मला आदरच आहे. ग्राहक दारात उभा असताना चालतंय ते फंक्शन उचलून शेजारी चिकटवणं हा तेव्हाचा रास्त निर्णय होता. पण त्या चिकटवलेल्या प्रती पुढे आपापल्या वाटेने वाढत गेल्या.

पहिल्यांदा आम्ही जावाच्या कोडवर पीएमडी या कोड तपासणाऱ्या टूलसोबत येणारं, प्रती शोधणारं सीपीडी चालवलं आणि स्क्रीनच्या कोडवर त्याच कामाचं जेएससीपीडी. दोन्ही मोफत आहेत आणि दोन्ही साधारण एकाच तऱ्हेने काम करतात. आधी कोडचे टोकन पाडतात: नाव, कंस, बेरजेचं चिन्ह, आकडा, प्रत्येकाचं एक. मग ठरावीक लांबीची खिडकी त्या टोकनांवरून सरकवत प्रत्येक तुकड्याचा हॅश, म्हणजे त्याची ओळख पटवणारा एक आकडा, काढतात. ही कार्प आणि रॅबिन यांनी १९८७ मध्ये मांडलेली युक्ती. खिडकी एक पाऊल पुढे गेली की सगळा हॅश नव्याने काढावा लागत नाही, मागचा एक टोकन वजा करायचा आणि पुढचा एक मिळवायचा. म्हणून लाखो ओळींचा कोडही पटकन तपासून होतो. किमान किती टोकन जुळले म्हणजे डुप्लिकेट म्हणायचं ते आपण सांगायचं. आम्ही शंभरपासून सुरुवात केली. पन्नासवर आणलं तर इम्पोर्ट, गेटर-सेटर अशा सगळीकडे सारख्याच दिसणाऱ्या ओळींचीच गर्दी होते.

या क्षेत्रातले अभ्यासक डुप्लिकेटचे चार प्रकार मानतात. पहिला प्रकार म्हणजे मोकळी जागा आणि कॉमेंट सोडल्यास तंतोतंत तसाच कोड. दुसऱ्यात व्हेरिएबलची नावं आणि आकडे बदललेले असतात. तिसऱ्यात मध्येच ओळी घातलेल्या किंवा काढलेल्या असतात. आणि चौथ्यात काम एकच, लिहिणं पूर्ण वेगळं. सीपीडी पहिला प्रकार सहज पकडतं, नावं आणि आकडे दुर्लक्षित करण्याचा पर्याय दिला तर दुसराही. तिसऱ्याचे तुकडे हाती लागतात. चौथा त्याच्या आवाक्याबाहेर आहे.

दुसऱ्या प्रकाराची किंमत किती असू शकते याचं एक जुनं उदाहरण मी टीममध्ये नव्या आलेल्या प्रत्येकाला दाखवते. २००४ साली इलिनॉय विद्यापीठातल्या संशोधकांनी सीपी-मायनर नावाचं टूल लिनक्स कर्नलवर, म्हणजे त्या ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यावर, चालवलं. स्पार्क-६४ प्रोसेसरसाठीच्या मेमरीच्या फाइलमध्ये त्यांना दोन लूप (तेच काम पुन्हा पुन्हा करणाऱ्या ओळी) सापडले. पहिला लूप प्रॉम-फिज-टोटल नावाची यादी भरतो: पत्ता, लांबी, आणि पुढच्या घराकडे जाणारा पॉइंटर. दुसरा लूप त्याचीच प्रत, तो प्रॉम-प्रॉम-टेकन ही यादी भरतो. नाव सगळीकडे बदललंय, फक्त शेवटच्या ओळीत उजव्या बाजूला जुनंच राहिलंय. त्यामुळे दुसऱ्या यादीतला प्रत्येक पॉइंटर पहिल्या यादीत जातो. जगभरातले निष्णात लोक वाचतात तो कोड. तिथेही एक नाव बदलायचं राहिलं आणि कोणाला दिसलं नाही, कारण कॉपी केलेल्या कोडवरून नजर घसरते. आपण तो वाचत नाही, ओळखतो.

आमच्या रिपोर्टमध्ये सर्वांत वर आलं ते रोखीचं बिल आणि उधारीचं बिल. कोडमधले दोन वेगळे भाग, म्हणजे क्लास, जवळजवळ जुळे. या दोघांत फरक कुठे पडलाय ते ओळीला ओळ लावून पाहिलं तेव्हा वाहतूक भाड्यापाशी थांबलो. एक प्रत बिलातल्या भाड्यावर सरसकट १८ टक्के लावत होती. दुसरी भाडं मालाच्या किमतीच्या प्रमाणात वाटून मालाच्याच दराने कर लावत होती. दोन्ही वर्षानुवर्षं चालू. दुकानदार एका प्रकारच्या ग्राहकाला नेहमी एकाच प्रकारचं बिल देत असल्यामुळे दोन्ही बिलं शेजारी ठेवून पाहण्याचा प्रसंगच कोणावर आला नव्हता.

इथे एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. दोन प्रती एक करताना कोणती ठेवायची हे ठरवावं लागतं, आणि हा निर्णय प्रोग्रामरने एकट्याने घेऊ नये. आम्ही भाड्याचा प्रश्न आमच्या कर सल्लागारांकडे नेला. ते म्हणाले, माल विकणाराच भाडं त्याच बिलात घेत असेल तर मुख्य पुरवठा मालाचा, दर मालाचा. मग १८ टक्केवाली प्रत गेली. बरेचदा रिफॅक्टरिंगच्या, म्हणजे कोडची रचना सुधारण्याच्या, नावाखाली अशी निवड गुपचूप होऊन जाते, ज्याची फाइल आधी उघडली त्याचा नियम टिकतो. ते मला अजिबात मान्य नाही. बिलाखाली सही दुकानदाराची असते आणि नोटीस आली तर ती त्याला येते.

टूलला न दिसलेली डुप्लिकेट आम्हाला ३३ रुपये ५० पैशांच्या एका ओळीने दाखवली. करपात्र रक्कम ३३.५०, दर १८ टक्के, बिल महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात. स्क्रीनवरचा कोड आधी १८ टक्के काढायचा: ६.०३. मग त्याचे दोन भाग करून केंद्राचा आणि राज्याचा कर दाखवायचा. छापील बिलाच्या टेम्प्लेटमधला फॉर्म्युला ९-९ टक्के वेगवेगळे काढायचा: ३.०१५ चे ३.०२, दोनदा, म्हणजे ६.०४. एका पैशाचा फरक. सीजीएसटी आणि एसजीएसटी हे दोन वेगळ्या कायद्यांखालचे दोन वेगळे कर आहेत, तेव्हा वेगवेगळे काढणं बरोबर. पण मुद्दा असा की जावास्क्रिप्टमधल्या सहा ओळी आणि टेम्प्लेटमधला एक फॉर्म्युला यांत सलग जुळणारे टोकन जवळजवळ नव्हतेच. सीपीडीच्या दृष्टीने ते दोन अनोळखी तुकडे होते. नियम मात्र एकच होता आणि तो दोन ठिकाणी, दोन पद्धतींनी लिहिलेला होता.

मग असे नियम सापडायचे कसे?

आमच्या मदतीला आला गिटचा, म्हणजे कोडमधला प्रत्येक बदल नोंदवून ठेवणाऱ्या टूलचा, इतिहास. जीएसटीचे नियम सरकार अधिसूचना काढून बदलतं आणि प्रत्येक बदलाची तारीख जाहीर असते. त्या तारखांच्या आसपास आमच्या रिपॉझिटरीत (कोडच्या साठ्यात) काय काय हललं ते पाहिलं तर एक नियम किती ठिकाणी राहतो याचा नकाशाच मिळतो. ई-इनव्हॉइसची, म्हणजे सरकारी पोर्टलवर बिल नोंदवण्याच्या सक्तीची, मर्यादा घ्या. १ ऑक्टोबर २०२० ला ५०० कोटींच्या वरच्या उलाढालीपासून सुरुवात झाली. १ जानेवारी २०२१ ला १०० कोटी, त्याच वर्षी १ एप्रिलला ५०, १ एप्रिल २०२२ ला २०, १ ऑक्टोबर २०२२ ला १०, आणि १ ऑगस्ट २०२३ पासून ५ कोटी. आमच्या लहान ग्राहकांना हे शेवटचे दोन-तीन टप्पेच लागले. २० वरून १० होतानाचा कमिट (गिटमधली बदलाची नोंद) काढला तर त्यात दोन फाइली बदललेल्या. थोड्या दिवसांनी 'फिक्स' असा त्रोटक संदेश असलेला कमिट, त्यात तिसरी फाइल. दिवाळीनंतर आणखी एक, चौथी. म्हणजे प्रत्येक वेळी एखाद्या ग्राहकाचा फोन आल्यावर नियमाची आणखी एक प्रत उजेडात आली होती.

गिट लॉगला कॅपिटल एस हा पर्याय देऊन एखादा शब्द किंवा आकडा शोधला, की तो ज्या कमिटमध्ये आला किंवा गेला तेवढेच कमिट समोर येतात. आम्ही राज्यांच्या कोडांवर हेच केलं. जीएसटी नंबरचे पहिले दोन अंक राज्याचे असतात, महाराष्ट्राचे २७, गोव्याचे ३०. लडाख ३१ ऑक्टोबर २०१९ ला वेगळा केंद्रशासित प्रदेश झाला, त्याचा कोड ३८. हा ३८ आमच्या कोडमध्ये कधी कधी आला ते शोधलं. जावाच्या इनममध्ये (ठरावीक किमतींच्या यादीत) वेळेवर आलेला. स्क्रीनवरच्या ड्रॉपडाउनमध्ये त्यानंतर. मालवाहतुकीसाठी लागणाऱ्या ई-वे बिलाची फाइल बनवणाऱ्या कोडमध्ये कित्येक महिन्यांनी, तोही तासगावच्या एका बेदाणा व्यापाऱ्याचा माल लेहला निघाला आणि बिल होऊनही ई-वे बिलाची फाइल बनेना तेव्हा. आणि एका रिपोर्टच्या टेम्प्लेटमध्ये आलाच नव्हता. दमण-दीव आणि दादरा-नगर हवेली २६ जानेवारी २०२० ला एक झाले, त्याचाही असाच माग काढला. चार याद्या, चार वेगवेगळ्या अवस्थांत. टेम्प्लेटमधली यादी टूलने दाखवली नसतीच, कारण ती कोड म्हणून तपासलीच जात नव्हती.

ज्यांचा व्यवसाय कराचा नाही त्यांच्याकडेही अशा तारखा असतात. बँकेने फाइलचा फॉर्मॅट बदलला, बोर्डाने गुणांची पद्धत बदलली, पिनकोडची यादी नवी आली. बदल बाहेरून आला की त्या नियमाच्या सगळ्या प्रतींना हात लागतो, निदान लागायला हवा.

आता उलट बाजू, आणि माझ्या मते जास्त धोक्याची. आमच्या टीममधला एक मुलगा, कामाला फार चोख, एकदा स्क्रीन वळवून म्हणाला, "ताई, हे बघा, पाच कोटी तीन ठिकाणी लिहिलंय. एका कॉन्स्टंटमध्ये घेऊ का?"

कॉन्स्टंट म्हणजे नाव देऊन एकदाच लिहिलेला आकडा. मी म्हटलं, "आधी तिन्ही कशासाठी आहेत ते बघू."

पहिलं ई-इनव्हॉइससाठी, २०१७-१८ पासूनच्या कोणत्याही वर्षात उलाढाल पाच कोटींच्या वर गेली तर. दुसरं तिमाही रिटर्न भरून दरमहा कर भरण्याच्या योजनेसाठी, मागच्या वर्षी उलाढाल पाच कोटींपर्यंत असेल तर. तिसरं एचएसएन या मालाच्या वर्गीकरणाच्या कोडसाठी, पाच कोटींपर्यंत चार अंकी, त्यावर सहा अंकी. आज आकडा एक आहे हा निव्वळ योगायोग. ई-इनव्हॉइसची मर्यादा ५०० वरून ५ वर येताना बाकीच्या दोघींना तिच्याशी काही देणंघेणं नव्हतं. ई-इनव्हॉइसची मर्यादा कोणतंही वर्ष मोजते, तिमाही रिटर्नची फक्त मागचं. उद्या ई-इनव्हॉइसची मर्यादा आणखी खाली आली आणि आम्ही एकच कॉन्स्टंट बदलला, तर शेकडो दुकानदारांच्या रिटर्नचा प्रकार आणि एचएसएनचे अंक त्याच्यासोबत बदलतील, आणि कारण शोधताना कोणालाही ई-इनव्हॉइसचा संशय येणार नाही. त्याला ते लगेच पटलं. त्याने तीन कॉन्स्टंट तीन नावांनी ठेवले आणि प्रत्येकाच्या वर अधिसूचनेची तारीख लिहिली. ती तारीख लिहिण्याची कल्पना त्याची, आता सगळी टीम तसंच करते.

डीआरवाय (डोन्ट रिपीट युअरसेल्फ, स्वतःची पुनरावृत्ती करू नका) हे तत्त्व १९९९ मध्ये मांडलं गेलं तेव्हा त्यातही ज्ञानाची पुनरावृत्ती टाळा असं होतं, ओळींची नव्हे. पुढे ते ओळींवर येऊन टेकलं. मी कोड रिव्ह्यू करताना आता एकच प्रश्न विचारते: उद्या यातला एक बदलला तर दुसरा बदललाच पाहिजे का? हो असेल तर ते डुप्लिकेट, मग दिसायला कितीही वेगळे असोत. नाही असेल तर ते दोन वेगळे नियम, आणि त्यांना हात लावू नये.

प्रती कमी करण्याचं काम आम्ही असं केलं. नवं एकच करगणित लिहिलं, जुनी सगळी तशीच ठेवली. ग्राहकांची नावं पुसलेल्या मागच्या वर्षीच्या बिलांवर जुनं आणि नवं दोन्ही चालवलं आणि जिथे पैशाचाही फरक आला ती बिलं वेगळी काढली. फरकांचे गट पाडले. प्रत्येक गटाचं उत्तर मिळाल्याशिवाय जुनी प्रत काढायची नाही असा नियम केला. घाईच्या दिवसांत हे जड गेलं, पण भाड्याची आणि एका पैशाची भानगड सगळ्यांनी पाहिली होती, त्यामुळे कोणी कुरकुर केली नाही.

दराच्या टेबलाला लागू होण्याची तारीख जोडली. २१ सप्टेंबरचं बिल जुन्या दराने आणि २२ चं नव्याने, हे तर झालंच. पण ऑगस्टमधल्या बिलावरचा माल ऑक्टोबरमध्ये परत आला तर क्रेडिट नोट जुन्याच दराने निघायला हवी. जुन्या कोडमध्ये क्रेडिट नोटचा क्लास बिलाच्या क्लासची प्रत होता आणि आजच्या तारखेचा दर घ्यायचा. नव्या रचनेत दर विचारायचा तर मूळ बिलाची तारीख द्यावीच लागते, त्याशिवाय फंक्शन बोलावताच येत नाही.

जीएसटी नंबर तपासण्याचं गणित मात्र एकाच ठिकाणी आणता आलं नाही. पंधरावं अक्षर तपासणीचं असतं. आधीच्या चौदा अक्षरांना आळीपाळीने एक आणि दोनने गुणून, ३६ ने भागून, भागाकार आणि बाकी यांची बेरीज करत ते काढतात. हे जावात आहे, जावास्क्रिप्टमध्ये आहे, आणि एक्सेलमधून ग्राहकांची यादी घेण्याच्या मॅक्रोमध्येही. इंटरनेट तुटलं तरी काउंटरवरची स्क्रीन चालली पाहिजे, म्हणून ते तिथे हवंच. तेव्हा आम्ही तपासणीची एक सामायिक फाइल केली: बरोबर आणि चुकीचे नंबर, प्रत्येकापुढे अपेक्षित उत्तर. तिन्ही भाषांतल्या कोडला ती एकच फाइल पास करावी लागते. ३८ ने सुरू होणारा नंबर त्यात सर्वांत वर आहे.

बिल्डमध्ये, म्हणजे कोडपासून सॉफ्टवेअर तयार होताना, सीपीडी अजून चालतं, पण फक्त नव्याने लिहिलेल्या कोडसाठी. टेस्टच्या, म्हणजे कोड तपासणाऱ्या कोडच्या, फोल्डरकडे आम्ही त्याला पाहूच देत नाही. टेस्टमध्ये मला पुनरावृत्ती चालते, आवडतेसुद्धा. एक टेस्ट उघडली की तिच्यातच सगळं दिसावं, चार मदतनीस फंक्शनं धुंडाळावी लागू नयेत.

एक काम राहिलंय ते बिलाखालच्या 'अक्षरी रुपये' या ओळीचं. मराठीत शंभरापर्यंतचे आकडे नियमाने जुळवून बनवता येत नाहीत, पूर्ण यादीच द्यावी लागते. ती यादी आमच्याकडे तीन ठिकाणी आहे आणि तिन्हींत एकोणसाठ, एकोणसत्तर, एकोणऐंशी यांच्या आसपास शुद्धलेखन वेगवेगळं आहे. पुढच्या रिलीजमध्ये ती एक करायचीय. कोणती ठेवायची हा निर्णय इथेही मी एकटी घेणार नाही. माझी आई प्राथमिक शाळेत शिकवायची, तिन्ही याद्या छापून तिच्याकडे दिल्यात.